शेळीची कास: डावी-उजवी ताडून पाहा

शेळी मागचा पाय फाकवून, जरा लंगडत चालायला लागली की आपण आधी खूर उचलून बघतो. काटा असेल, खडा रुतला असेल. खुरात काही सापडलं नाही, तर हात कासेकडे न्यावा. एका बाजूची कास ठणकत असेल तर चालताना मांडी तिला घासते आणि शेळी त्या बाजूचा पाय आखडता घेते. करडू लुचायला आलं की लाथ झाडते, नाहीतर एकच सड पिऊ देते. ही कासदाहाची, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणाऱ्या सुजेची खूण असू शकते. गावाकडे याच आजाराला ‘दगडी’ म्हणतात, कारण पुढे कास हाताला खरोखर दगडासारखी लागते. पण तिथवर थांबायचंच कशाला?

शेळीच्या कासेचे दोन भाग असतात आणि प्रत्येकाला एक सड. मधल्या पडद्यामुळे एका भागातलं दूध दुसऱ्यात जात नाही. जंतू सडाच्या तोंडातून आत शिरतात, त्यामुळे पुष्कळदा एकच बाजू आजारी पडते आणि दुसरी निरोगी राहते. म्हणजे मोजपट्टी शेळीच्याच अंगावर आहे. धार काढून झाल्यावर, कास रिकामी असताना दोन्ही तळवे दोन्ही बाजूंना लावा. एक बाजू जास्त गरम आहे का? आत गाठ किंवा घट्टपणा लागतो का? दाबल्यावर शेळी अंग चोरते का? काही शेळ्यांची कास मुळातच लहान-मोठी असते, करडाला एकाच सडाची सवय असली तरी तसं होतं. त्यामुळे आपल्या शेळीची कास एरवी कशी असते, हे हाताला ठाऊक असायला हवं. विण्याच्या सुमारास दोन्ही बाजू सारख्याच फुगल्या, बोटाने दाबल्यावर खळगा पडला, पण दूध नीट आहे आणि शेळी खाते-पिते, तर ती बहुधा विण्याची नैसर्गिक सूज असते.

दूध पाहायची साधी रीत म्हणजे पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर किंवा काळ्या वाटीत काढायच्या. पांढऱ्या भांड्यात न दिसणाऱ्या बारीक गुठळ्या काळ्यावर लगेच दिसतात. गुठळ्या दिसल्या किंवा दूध पाण्यासारखं पातळ, पिवळट किंवा रक्ताची झाक असलेलं निघालं, तर ती कासदाहाचीच खूण.

अवघड असतो तो सुप्त कासदाह. कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, शेळी खुशाल. फक्त दूध हळूहळू कमी होत जातं. तो ओळखायला कॅलिफोर्निया चाचणी वापरतात. शाल्म आणि नूरलँडर या संशोधकांनी ती १९५७ मध्ये मांडली. तिच्यामागचं तत्त्व मला फार आवडतं. जंतूंशी लढायला कासेत पांढऱ्या पेशी गोळा होतात. दुधात साबणासारखं द्रावण घातलं की त्या पेशी फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर येतो आणि मिश्रण शेंबडासारखं घट्ट होतं. जितक्या पेशी जास्त, तितकं ते दाट. कपडे धुण्याच्या पावडरचं सुमारे ३ टक्क्यांचं द्रावण सम प्रमाणात दुधात मिसळूनही हा फरक पाहता येतो.

मात्र गाईचा निकष शेळीला जसाच्या तसा लावला की फसगत होते. शेळीच्या कासेत दूध तयार होताना पेशींचे टोकाकडचे तुकडे तुटून दुधात पडतात. त्या तुकड्यांत डीएनए नसतो, पण साधं मोजणी यंत्र त्यांनाही पेशी समजून मोजतं. शिवाय निरोगी शेळीच्या दुधातही पांढऱ्या पेशी गाईपेक्षा जास्त असतात. शेळी आटत आली की त्या आणखी वाढतात, माजावर असतानाही वाढतात. अमेरिकेत दुधातल्या पेशींची मर्यादा गाईसाठी मिलिलिटरला साडेसात लाख, तर शेळीसाठी १५ लाख आहे. म्हणून दूध जरासं घट्ट झालं की शेळी आजारी, असं ठरवू नये. दोन्ही सडांचं दूध शेजारी शेजारी तपासावं. दोन्हीकडे थोडं घट्ट झालं तर घाई नको, पण एकीकडे मिश्रण पातळच राहिलं आणि दुसरीकडे चिकट झालं, तर दुखणं त्या चिकट बाजूलाच आहे.

एका बाबतीत मात्र तासांचा हिशेब असतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाच्या जंतूचं विष कासेतल्या रक्तवाहिन्यांवर घाला घालतं. रक्तपुरवठा तुटतो, गरम असलेली बाजू थंड पडते, कातडी लाल, मग निळी-काळी होते आणि सडातून लालसर पाणी येतं. काहीतरी चावलं असेल, दृष्ट लागली असेल, असं म्हणत एक रात्र गेली तर विष अंगभर पसरून शेळी दगावू शकते. वाचली तरी ती बाजू बहुधा सडून गळून पडते. कास थंड आणि निळसर दिसली की त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

एरवीही औषध डॉक्टरांनीच ठरवावं. शक्य असेल तर पहिल्या औषधाआधी दुधाचा नमुना घ्यावा. सडाचं टोक स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत थोडं दूध घ्यायचं आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचं. कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं प्रतिजैविक लागू पडतं, हे त्यातून कळतं. शेजाऱ्याकडची उरलेली औषधाची ट्यूब सडात घालणं धोक्याचं आहे. अस्वच्छ नळीबरोबर नवे जंतू आत जातात. वरून हळदीचा लेप लावला तरी आतल्या जंतूंपर्यंत तो पोचत नाही. आजारी बाजू वरचेवर पिळून रिकामी करावी, ते दूध गोठ्यात सांडू नये, करडाला पाजू नये. उकळलं की चालेल, असंही नाही. वर सांगितलेल्या स्टॅफिलोकोकस जंतूची काही विषं उकळूनही टिकतात. औषध बंद झाल्यावर किती दिवस दूध विकायचं नाही, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

धार संपल्यावर सडाचं तोंड अर्धा तासभर पुरतं मिटत नाही. तेवढ्या वेळात शेळी लेंड्यांत बसली की जंतूंना वाट मोकळी. म्हणून सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि पाला-चारा धार काढून झाल्यावर पुढे टाकावा, म्हणजे ती उभी राहून खात राहते. निरोगी शेळ्यांची धार आधी काढावी, आजारी शेळीची सगळ्यांत शेवटी, आणि मग हात साबणाने धुवावेत. करडांच्या तोंडाला मावा (फोडांचा आजार) झाला असेल तर आईचे सडही रोज बघा. माव्याचे फोड सडावर उठतात, आणि तिथल्या जखमांमधून दगडीचे जंतू आत शिरायला वेळ लागत नाही.