‘छोटी सी बात’ हृषिदांचा नव्हे!

नागपुरात, धरमपेठेत काय नि महालात काय, जुन्या सिनेमाच्या गप्पा निघाल्या की ‘छोटी सी बात’ (१९७६) हमखास दिग्दर्शक हृषिकेश मुखर्जींच्या खात्यात जमा होतो. तो बासू चटर्जींचा आहे. ‘रजनीगंधा’, ‘चितचोर’ही त्यांचेच.

घोळ होतो तो अमोल पालेकरांमुळे. साधा, नोकरदार तरुण त्यांनी दोघांकडेही रंगवला. हृषिदांचा ‘गोल माल’ आणि बासूदांचा ‘बातों बातों में’ तर एकाच वर्षीचे, १९७९चे.

ओळखायचं कसं? कॅमेरा कुठे रमतो ते बघा. बासूदांचा बसस्टॉपवर, लोकलच्या डब्यात. प्रेम तिथेच जुळतं. हृषिदांचा बहुधा दिवाणखान्यात. तिथे कुणीतरी सोंग घेऊन शिरतं आणि एक थाप निभावायला दुसरी मारावी लागते. ‘चुपके चुपके’त वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर होतो, ‘गोल माल’मध्ये एकच माणूस मिशीवाला नि बिनमिशीचा असे दोन भाऊ बनून वावरतो.

आणि हृषिदा म्हणजे निव्वळ हलकंफुलकं, हेही खरं नाही. ‘सत्यकाम’ (१९६९) बघा, हसू मावळेल.

ऑनलाइन शोधताना नटाऐवजी दिग्दर्शकाचं नाव टाका. ‘गोल माल’सोबत १९७९ हवंच, नाहीतर २००६चा गळ्यात पडतो.