इंजिन छान चालतंय, मग टर्बाइनचं चाक बदलायचं कशाला?

हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदा नीट लिहून देतोय. आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे बेल २०६ हेलिकॉप्टर आहे आणि त्यात रोल्स-रॉइस २५० मालिकेचं सी२०बी इंजिन, तेव्हा उदाहरण त्याचंच घेऊ.

या इंजिनाच्या टर्बाइनमध्ये चार चाकं असतात, म्हणजे गरम वायूच्या झोताने फिरणाऱ्या पात्यांच्या चकत्या. त्यातल्या पहिल्या दोन चाकांचं आयुष्य कंपनीनेच ठरवून दिलंय: १,७७५ तास किंवा ३,००० स्टार्ट (इंजिन एकदा सुरू केलं की एक स्टार्ट), जे आधी भरेल ते. तिसऱ्या-चौथ्या चाकाला ४,५५० तास किंवा ६,००० स्टार्ट. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये थोडं मागेपुढे चालतं. इथे एक तासही वाढवून मिळत नाही आणि तशी सही आमच्याकडून होणार नाही.

खरा घोळ होतो तो नोंदीत. "तास बरेच शिल्लक आहेत" म्हणून हेलिकॉप्टर येतं, लॉगबुक उघडावं तर स्टार्टचा रकाना कोरा! प्रचाराचे दिवस घ्या. दिवसाला आठ सभा, प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद, एकूण उड्डाण तीन तास. वीस दिवसांत तास भरले ६०, स्टार्ट झाले १६०. तासाला सरासरी १.७ पेक्षा जास्त स्टार्ट होत असतील तर स्टार्टच आधी संपणार. मग आमचा माणूस जुने टेक लॉग (प्रत्येक उड्डाणाच्या नोंदींची वही) काढून एकेक लँडिंग मोजत बसतो आणि तोवर मशीन हँगरमध्ये उभं. हिशेब लागलाच नाही, तर धड दिसणारं चाकही बाद धरावं लागतं. आमच्याही ते जिवावर येतं.

स्टार्ट मोजायचे कारण चाकाची खरी झीज तिथे होते. इंजिन पेटताना काही सेकंदांत तापमान ८०० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. चाकाची कड लगेच तापते, मधला भाग मागे राहतो. बंद केलं की उलट. हा ताण दर वेळी धातूत साठत जातो. चाक तळहाताएवढं, पण पहिली दोन चाकं पूर्ण वेगात मिनिटाला जवळजवळ ५१ हजार फेरे घेतात. कडेला पडलेली चीर नखालाही लागत नाही; चमकणारं द्रव्य लावून अतिनील दिव्याखाली धरलं की केसाएवढी हिरवी रेघ दिसते. पायलटला ती गेजवर कळत नाही. आणि चाक फुटलंच तर तुकडे इंजिनाच्या आत राहतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून चीर पडायची वाट न पाहता चाक काढायचं.

काढलेलं चाक तुमचंच आहे, जरूर न्या. पण आम्ही ते तुमच्यासमोर कापूनच देतो. काहींना हे खटकतं. अखंड चाक मात्र खोट्या कार्डासह (कार्ड म्हणजे चाकाच्या तास-स्टार्टची नोंद) दुसऱ्याच्या इंजिनात बसू शकतं, त्यामुळे ही पद्धत आम्ही सोडणार नाही.

ज्यांच्या मशीनची देखभाल आमच्याकडे आहे, त्यांची स्टार्टची वही आम्हीच ठेवतो, वेगळे पैसे न घेता. महिनाअखेरीस टेक लॉगच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, बास. २०० तास किंवा ३०० स्टार्ट उरले की आम्ही कळवतो, कारण चाकं परदेशातून मागवावी लागतात आणि ऐन हंगामात मशीन अडकलेलं कुणालाच परवडत नाही.

पहिल्यांदाच येत असाल, तर इंजिनाचं लॉगबुक, चारही चाकांची कार्डं आणि टर्बाइनच्या पाटीवरचा सीरियल नंबर हाताशी ठेवून आधी फोन करा. कागद जुळले की मशीन जुहू विमानतळावर कधी आणायचं ते त्याच फोनवर ठरवू.