मुक्या रुग्णाचा काढा: चिनी घरांतल्या बालऔषधांची पार्श्वभूमी

मूल झोपले की त्याच्याकडे बघा. तोंडातून येणारा श्वास गरम लागतो का, ते पालथे पडून तोंड खुपसून झोपते का, झोपेत दात खाते का. यातले काही दिसले तर त्याच्या हृदयात उष्णता साठली आहे असे समजा. ही सूचना सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची आहे आणि ती छ्यान यी या चिनी वैद्याची आहे. सोंग राजवटीतला हा माणूस आयुष्यभर मुलांवरच उपचार करत राहिला. तो गेल्यावर यान श्याओचोंग याने त्याची विखुरलेली टिपणे, रुग्णांच्या हकीकती आणि औषधे जमवली आणि 1119 मध्ये त्यांचा ग्रंथ केला. चिनी बालवैद्यकाचा पाया आजही तोच मानला जातो.

चिनी वैद्य या शाखेला ‘मुकी शाखा’ म्हणत. रुग्ण बोलत नाही, कुठे दुखते ते सांगत नाही आणि नाडी बघायला मनगट धरावे तर रडून आकांत करतो. मग खरी साक्ष कोणाची? रात्रभर शेजारी झोपणाऱ्या आईची किंवा दाईची. श्वास गरम होता का, हे वैद्याला तीच सांगणार. म्हणून मला वाटते, मुलांच्या चिनी औषधांचा इतिहास वैद्याच्या गादीपेक्षा घरातल्या अंथरुणापाशी आणि चुलीपाशी जास्त घडला.

छ्यान यीचे स्वतःचे बालपणही विसरता येत नाही. आई लवकर गेली, वडील समुद्राच्या वाटेने निघून गेले ते परतले नाहीत. आत्याने त्याला वाढवले, तिचा नवरा वैद्य होता, त्याच्याच हाताखाली तो शिकला. पुढे तिशीत तो वडिलांच्या शोधात निघाला आणि कित्येक खेपांनंतर त्यांना घरी घेऊन आला. 1078 ते 1085 या काळात सम्राट शेनचोंगच्या बहिणीच्या मुलीला त्याने बरे केले. मग एका राजपुत्राला झटके येऊ लागले, तेव्हा त्याने पिवळ्या मातीचा काढा दिला. ही माती म्हणजे चुलीच्या पोटात वर्षानुवर्षे भाजून निघालेली माती. दरबारात त्याला मान मिळाला तो असा, कोणत्याही घरात सापडेल अशा वस्तूने.

हृदयाच्या उष्णतेवर त्याने दिलेले औषध साधे होते. कच्ची रेहमानिया (एका वनस्पतीची मुळी, चिनी नाव तीहुआंग), कच्चे ज्येष्ठमध आणि मुथोंग नावाच्या वेलीचे खोड, तिन्ही सारख्या प्रमाणात घेऊन चूर्ण करायचे. एका वेळेला तीन छ्यान (हे वजनाचे जुने चिनी माप) चूर्ण, एक वाटी पाणी आणि थोडी बांबूची पाने. पाणी आटून निम्मे राहिले की गाळायचे आणि जेवणानंतर कोमट असताना पाजायचे. या औषधातले मुथोंग लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

चूर्ण करून उकळण्याची ही रीत त्या काळाची होती. 1076 मध्ये सम्राटाचा मंत्री वांग आनश्र याच्या सुधारणांच्या ओघात राजधानी कायफंगमध्ये सरकारी औषधालय सुरू झाले आणि तयार औषधे विकली जाऊ लागली. अख्ख्या मुळ्या-सालींपेक्षा भरड चूर्णाला वनस्पती कमी लागते आणि काढाही लवकर उतरतो. पुडी आणायची आणि घरी वाटीभर पाण्यात उकळायची. घरातल्या बाईला मुळी ओळखावी लागत नाही, आच मात्र ओळखावी लागते.

लहान मुलाला किती द्यायचे, हा प्रश्न याहून जुना आहे. सातव्या शतकात, सुमारे 652 मध्ये, सुन सिमियाओ या वैद्याने आपल्या मोठ्या ग्रंथात स्त्रिया आणि मुलांच्या उपचारांना इतर रोगांच्या आधी जागा दिली. लहान नसतील तर मोठे कुठून येणार, असा त्याचा युक्तिवाद होता. नवजात बाळाच्या झटक्यांवरच्या एका काढ्याची मात्रा त्याने दिवसांच्या हिशोबात लिहिली आहे. जन्मापासून सातव्या दिवसापर्यंत एक ‘ग’, म्हणजे काही चमचे, आणि तेही तीनदा विभागून. आठव्यापासून पंधराव्यापर्यंत दीड ‘ग’. विसाव्या दिवसापर्यंत दोन, तिसाव्यापर्यंत तीन, चाळिसाव्यापर्यंत पाच. त्यापुढे एक अट: पोट साफ झाले की लगेच थांबवा. एवढे बारीक मोजमाप वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यामागे किती बाळे गेली असतील याचा अंदाज येतो.

याच सुन सिमियाओने जन्मलेल्या बाळाला आधी ज्येष्ठमधाचे पाणी आणि नंतर मधात कालवलेला हिंगूळ चाटवायला सांगितले आहे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे खनिज. त्या काळी मन शांत करणारे म्हणून ते नावाजलेले होते. आज ते कोणत्याही बाळाला देऊ नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जुन्या ग्रंथातले शहाणपण आणि जुन्या ग्रंथातला धोका कधी कधी एकाच पानावर असतात.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट इथे आठवते. छ्यान यीच्या आधीच्या शतकात, त्याच सोंग राजवटीत, कायफंगच्या अनुवादगृहात फाश्यान हा भारतातून आलेला भिक्षू संस्कृत ग्रंथ चिनीत आणत होता. त्याने अनुवादलेल्या एका छोट्या सूत्रात मुलांचे आजार सांगणारा आहे चक्क रावण. बारा मातृका कोणत्या दिवशी, महिन्यात किंवा वर्षी बाळाला धरतात आणि त्यावर उपाय काय, हे तो सांगतो. आपल्या बालग्रहांच्या परंपरेचीच ही शाखा. छ्यान यीने मात्र झटक्यांचा विचार अवयव, वारा आणि उष्णता यांच्या भाषेत केला. आपला हिरडासुद्धा ‘हलील’ सारख्या नावाने चिनी औषधांत फार पूर्वीच पोचला होता. बाळगुटीत तो सहाणेवर उगाळणाऱ्या आजीला तो इतक्या लांब गेल्याचे कुठून माहीत असणार!

छ्यान यीचे सगळ्यात गाजलेले औषध म्हणजे सहा घटकांच्या रेहमानियाच्या गोळ्या. त्याच्याआधी हजारेक वर्षांपूर्वीच्या चांग चोंगजिंग या वैद्याच्या आठ घटकांच्या औषधातून त्याने दालचिनी आणि वत्सनाभ काढून टाकले. मुलाच्या अंगात उष्णता मुळातच असते, तिला आणखी पेटवायचे कशाला, असा विचार. टाळू भरून येत नसलेल्या, आवाज क्षीण असलेल्या बाळांसाठी ते होते: मधात वळलेल्या तीन गोळ्या, उपाशीपोटी, कोमट पाण्यात विरघळवून. मूल गोळी गिळत नाही हे या वैद्याला पक्के ठाऊक होते. तान्ह्यांसाठी जुन्या ग्रंथांत औषध आईच्या स्तनाला लावायला सांगितलेले आढळते, तर कधी आईनेच ते घ्यायचे असते, म्हणजे दुधातून उतरेल. आज त्या सहा घटकांच्या गोळ्या मुख्यतः मोठी माणसे घेतात.

1798 मध्ये वू जूथोंग या वैद्याने मुलांच्या बाबतीत पुढचे पाऊल टाकले. वडील आजारपणात गेले त्या दुःखातून तो वैद्यकाकडे वळला होता आणि पुढे त्याचा पुतण्याही तापाने गेला होता. मुलात उष्णताच भरलेली असते हे जुने मत त्याने बदलले. उष्णता आणि ओलावा दोन्ही कोवळे असतात, म्हणून औषध जरा जड झाले तरी इजा होते, असे त्याने मांडले.

घरच्या रीती यातूनच ठरत गेल्या. भांडे मातीचे हवे, लोखंडाचे चालत नाही. आधी वनस्पती अर्धा तास भिजत ठेवायच्या, मग मोठी आच, मग मंद आच. शिंपले आणि खनिजे आधी, पुदिना सगळ्यात शेवटी, नाहीतर वास उडून जातो. काढा दोनदा काढून एकत्र करायचा. मुलासाठी तो आटवून थोडा करायचा आणि दिवसभरात चमचा-चमचा पाजायचा. उकळणेसुद्धा नेहमीच बरोबर नसते. चौथ्या शतकातल्या को होंगने तापावर छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितला होता. 1970 च्या दशकात थू योयो या चिनी संशोधिकेच्या मलेरियावरच्या औषधाच्या संशोधनाला हीच ओळ कामी आली: उष्णतेने गुण जातो, म्हणून अर्क कमी तापमानात काढायचा. 2015 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले.

आता मुथोंगकडे. छ्यान यीने सांगितलेली वेल वेगळ्या कुळातली होती. विसाव्या शतकात तिच्या जागी ईशान्य चीनमधली क्वानमुथोंग सर्रास विकली जाऊ लागली. ही अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली, आपल्या सापसणीची नातलग. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात याच कुळातली दुसरी वनस्पती चुकून गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हा जगाला अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाची ओळख पटली. ते कर्करोगही आणते. चीनने 2003 मध्ये क्वानमुथोंगची औषधी मान्यता काढून घेतली. म्हणजे कित्येक वर्षे मुलांच्या त्या साध्या काढ्यात नाव जुने आणि वेल दुसरीच असू शकत होती. दुकानदाराने दिलेली पुडी उकळणाऱ्या आईला हे कळायला मार्ग नव्हता.

दुसरे उदाहरण सिंगापूरचे. दक्षिण चिनी घरांत नवजात बाळाला हुआंगल्यान या कडू मुळीचे पाणी चाटवण्याची रीत होती, गर्भातले विष निघावे म्हणून. ‘मुक्याने हुआंगल्यान खाल्ले, कडू लागले तरी सांगणार कोणाला’ अशी चिनी म्हणही आहे. तिथल्या बऱ्याच बाळांत जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला कावीळ चढली तर ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. बालरोगतज्ज्ञ वाँग हॉक बून यांनी वनस्पती औषधांचा या काविळीशी संबंध दाखवला. 1965 पासून तिथे नाळेच्या रक्तातून सगळ्या बाळांची या कमतरतेसाठी तपासणी होऊ लागली आणि 1978 मध्ये हुआंगल्यान आणि त्यातल्या बर्बेरीनवर बंदी आली. बर्बेरीन आपल्या दारुहळदीतही असते आणि ही कमतरता आपल्याकडेही आढळते, म्हणून नवजात बाळाला दारुहळद उगाळून चाटवण्याआधी ही माहिती घरात असायला हवी. पुराव्याची नव्याने छाननी झाल्यावर सिंगापूरने हुआंगल्यानवरची बंदी 2013 मध्ये उठवली. नवजात बाळांची तपासणी मात्र थांबवली नाही.