रीसेट बटन गेलं, चार सेकंद आले

नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानातून असेंबल केलेला पीसी घेतला, तर कॅबिनेटच्या तोंडावर आजही बहुधा दोन बटनं मिळतात, एक मोठं आणि एक बारकं. बँकेच्या काउंटरवर, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सेतू केंद्रात ठेवलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपवर मात्र बहुतेक वेळा एकच बटन असतं. बारकं, म्हणजे अडकलेलं मशीन पुन्हा सुरू करणारं रीसेट, तिथून केव्हाच गेलं. नव्या चकचकीत कॅबिनेटांवर ते कधीकधी दिसतं, पण त्याची वायर रंगीत दिव्यांना जोडलेली असते. दाबलं की मशीन पुन्हा सुरू व्हायचं सोडून लाल पंखा निळा होतो. मग स्क्रीन गोठली की लोक सरळ भिंतीवरच्या स्विचकडे हात नेतात. तो स्विच शेवटचा का ठेवायचा, याचं उत्तर जुनं आहे.

गंमत अशी की १९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या मूळ आयबीएम पीसीलाही रीसेट बटन नव्हतंच. बाजूला मागच्या अंगाला एक मोठा लाल स्विच होता आणि तो थेट वीज तोडायचा. बंद करून पुन्हा लावलं की मशीन आधी सगळी मेमरी तपासत बसायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे प्रोग्राम दिवसातून कितीदा तरी अडकायचे आणि दर वेळी ही तपासणी, म्हणजे वेळेचा चुराडा. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या त्या टीममधले इंजिनिअर डेव्हिड ब्रॅडली यांनी त्यावर किबोर्डचा तोडगा काढला. आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप अशा किज ठरल्या होत्या. पण त्या किबोर्डच्या एकाच बाजूला, त्यामुळे चुकून हात पडला तरी मशीन रीस्टार्ट व्हायचं. म्हणून एस्केपच्या जागी डिलीट आलं, कारण त्या किबोर्डवर या तिन्ही किज एका हाताने दाबणं अवघड होतं. या किज दाबल्या की बायोस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा मूळ प्रोग्राम, मेमरीतल्या एका ठरावीक जागी १२३४ हा आकडा लिहून ठेवायचं. पुन्हा सुरू होताना तो दिसला की मेमरीची लांबलचक तपासणी टळायची. हा आडमार्ग खरं तर फक्त आतल्या लोकांसाठी होता. तो माहितीपुस्तिकेत छापला गेला आणि घरोघरी पोचला. २००१ मध्ये पीसीच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात बिल गेट्स शेजारी बसलेले असताना ब्रॅडली म्हणाले होते की शोध माझा असेल, पण त्याला प्रसिद्धी मिळवून दिली ती यांनी.

या तीन किजची एक मर्यादा होती. किबोर्डचा संदेश ऐकायला प्रोसेसर तयार असावा लागतो. एखाद्या प्रोग्रामने तो ऐकण्याचा रस्ताच बंद करून ठेवला, तर किज कितीही बडवा, उपयोग शून्य. म्हणून आयबीएमची नक्कल करणाऱ्या कंपन्यांनी कॅबिनेटवर वेगळं रीसेट बटन दिलं, बहुतेकदा मशीनचा वेग कमी-जास्त करणाऱ्या टर्बो बटनाच्या शेजारी. त्याची वायर मदरबोर्डवरून, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरून, प्रोसेसरच्या रीसेट पिनपर्यंत पोचते. तिथे सॉफ्टवेअरची परवानगी लागत नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात आलेली बहुतेक मशीनं याच घराण्यातली, म्हणून रीसेटची सवय आपल्या बोटांना लागली.

डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात असं अचानक बंद करण्याने फारसं नुकसान नव्हतं. सी प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या हुकमाची वाट बघणारी C:\> ही खूण, दिसतोय म्हणजे काम संपलं, बिनधास्त बंद करा, हा धडा प्रत्येक कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवला जायचा. तो १९९३ मध्ये मोडला. एमएस-डॉस ६.० मधल्या स्मार्टड्राइव्ह या सोयीने फाइल लगेच डिस्कवर न लिहिता आधी मेमरीत धरून ठेवायला आणि सवडीने लिहायला सुरुवात केली. वेग वाढला, पण प्रॉम्प्ट दिसताच स्विच बंद करणाऱ्यांच्या फाइली गेल्या. ओरड झाली आणि त्याच वर्षी आलेल्या ६.२ मध्ये ही लिहिण्याची उधारी आपोआप चालू राहणार नाही, अशी व्यवस्था करावी लागली. माझ्या मते 'सुरक्षित रीस्टार्ट' हा प्रश्न खरा जन्मला तो इथे. त्याआधी मशीन अडकणं म्हणजे वेळ जाणं एवढंच होतं.

विंडोज ९५ ने या उधारीला नियम घातला. आधी शट डाउन म्हणा, मग 'आता संगणक बंद करणं सुरक्षित आहे' अशा अर्थाचा नारिंगी अक्षरांचा संदेश येईल, मग स्विच बंद करा. मशीनला स्वतःहून बंद होता येत नव्हतं, कारण एटी पद्धतीच्या पॉवर सप्लायचा स्विच खराखुरा विजेचा स्विच होता आणि तो सॉफ्टवेअरच्या हातात नव्हता.

हे बदललं ते १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेने. इथून समोरचं बटन वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त खूण करतं. सप्लायमधून पाच व्होल्टची एक बारीक धार कायम चालू असते, तिच्यावर मदरबोर्डचा तेवढा भाग जागा राहतो आणि तो सप्लायला चालू-बंद व्हायला सांगतो. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे विजेच्या नियंत्रणाचं मानक प्रसिद्ध केलं. बटन हलकं दाबलं तर ती ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली विनंती. चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर तो हुकूम. हुकूम पाळण्याचं काम मदरबोर्डवरच्या चिपचं असतं, त्यामुळे विंडोज पूर्ण बधिर झालं असलं तरी मशीन बंद होतं. एकाच बटनात दोन्ही कामं बसल्यावर कंपन्यांना दुसऱ्या बटनाचा खर्च नकोसा वाटला, यात नवल नाही. मदरबोर्डवर रीसेटच्या दोन पिना मात्र बहुतेक ठिकाणी अजून असतात. असेंबल्ड पीसी असेल तर दुकानदार पाच मिनिटांत त्यावर एक छोटा स्विच जोडून देतो.

जोडून फायदा किती, हा वेगळा मुद्दा. रीसेट केलं तर डेटा वाचतो आणि बटन दाबून धरलं तर जातो, असा समज बर्डीपासून वर्ध्यापर्यंत ऐकू येतो. तो खोटा आहे. मेमरीत असलेलं, डिस्कवर न पोचलेलं काम दोन्हीत सारखंच जातं. रीसेटने विजेचा प्रवाह तुटत नाही आणि मशीन थोडं लवकर सुरू होतं, फरक असलाच तर इतका.

डेटा वाचवायचं काम बटनांनी केलेलंच नाही, ते फाइल सिस्टिमने, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेने केलं. २००५ च्या आसपास विदर्भात भारनियमन जोरात होतं. कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी दिसत असतानाही लाईट जायची, आणि लाईट आली की विंडोज ९८ वाल्या पीसीवर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, सुरू व्हायचं. ती मशीनं फॅट पद्धतीवर चालायची आणि तिच्यात अर्धवट राहिलेल्या कामाची नोंदच नसते, म्हणून सगळी डिस्क चाळावी लागे. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेली एनटीएफएस आणि २००१ मध्ये लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, घेतलेली एक्स्ट३ या दोन्ही आधी वहीत टिपून मग बदल करतात. मध्येच वीज गेली तर वही बघून हिशेब जुळवता येतो. पण ही वही फोल्डरांचा सांगाडा सांभाळते. सेव्ह न केलेला तुमचा अर्ज ती परत देणार नाही.

दरम्यान कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचं काम पालटत गेलं. विंडोज ९५ मध्ये एकदा दाबलं की अडकलेला प्रोग्राम बंद करायची यादी, दुसऱ्यांदा दाबलं की रीस्टार्ट. एनटीच्या घराण्यात त्यातून सुरक्षेचा पडदा येतो आणि आजच्या विंडोजमध्येही तोच आहे. त्या पडद्यावर कोपऱ्यातल्या पॉवरच्या खुणेवर कंट्रोल की धरून क्लिक केलं तर आणीबाणीचा रीस्टार्ट मिळतो. हे फार कमी जणांना ठाऊक असतं. लिनक्सवाल्यांची सोय याहून चोख आहे. १९८४ च्या आयबीएम एटी किबोर्डवर आलेली सिसआरक्यू की फारशी कुणी वापरली नाही. लिनक्सने ती उचलली. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन (सिसआरक्यू याच कीवर असते) धरून, थांबत थांबत एस, यू, बी दाबायचं. एसने उधारी डिस्कवर लिहिली जाते, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडी राहते, बीने मशीन रीस्टार्ट होतं. काही लिनक्समध्ये यातल्या मोजक्याच किज चालू ठेवलेल्या असतात.

म्हणून हँग झालेल्या मशीनला आधी कॅप्स लॉक दाबून बघावं. दिवा लागत-विझत असेल तर आत जीव आहे. दोन-पाच मिनिटं थांबावं. फक्त चित्र अडकलं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबावं, ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, पुन्हा सुरू होतो आणि बहुधा बीप ऐकू येते. नंतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर, मग वरचा सुरक्षेचा पडदा, मग बटनाचा एक हलका दाब. यातलं काहीच चाललं नाही तरच दाबून धरावं. अपडेट चालू असल्याचा पडदा असेल आणि टक्के सरकत असतील, तर मात्र बटनाला हातच लावू नये. भिंतीवरचा स्विच फक्त तेव्हा, जेव्हा दाबून धरलेलं बटनही ऐकत नाही. तो बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावावा, म्हणजे सप्लायमधली उरलेली वीज उतरते.

आणि मे महिन्यात मशीन रोज दुपारीच अडकत असेल, तर रीस्टार्टच्या पद्धती शोधण्यात अर्थ नाही. नागपुरात पारा ४५ पार जातो, दाराखिडक्यांतून धूळ येत राहते आणि ती प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत जमते. बाजूचं झाकण काढून, मशीन बंद आणि प्लग काढलेला असताना, ब्लोअर मारून घ्यावा. नंतर बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान बघावं. तिथेही ते चढत राहिलं तर प्रोसेसरची उष्णता जाळीकडे पोचवणारी थर्मल पेस्ट वाळली आहे का, हे बघायला दुकानात न्यावं.