तांग साम्राज्य पावसाअभावी कोसळले काय?

‘दुष्काळाने चीनचे राजवंश बुडवले’ अशा अर्थाचे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांचा एक मुख्य आधार म्हणजे गान्सू प्रांतातील वानश्यांग गुहेतल्या एका लवणस्तंभाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. जेमतेम १२ सेंटीमीटर लांबीच्या या स्तंभात सुमारे १,८०० वर्षांच्या मान्सूनची नोंद आहे.

छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थराथराने साचून असा स्तंभ वाढतो. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ताज्या थरात थोरियम नसल्यातच जमा असते आणि पुढे जे सापडते ते बहुतांशी युरेनियमच्या क्षयातून, ठरावीक गतीने तयार झालेले असते. दोहोंच्या गुणोत्तरावरून थराचे वय काढता येते. पावसाची माहिती मात्र ऑक्सिजन देतो. समुद्रावरून आलेल्या बाष्पातून पाऊस पडताना जड ऑक्सिजन-१८ असलेले रेणू अधिक प्रमाणात गळून पडतात, म्हणजे वाटेत पाऊस जितका जास्त, तितके अंतर्भागात पोहोचणारे बाष्प हलके. म्हणूनच थरात ऑक्सिजन-१८चे प्रमाण वाढलेले आढळल्यास मान्सून दुबळा होता, असे अनुमान काढतात. तांग, युआन आणि मिंग या तिन्ही राजवंशांच्या अखेरच्या दशकांत ते वाढलेले आहे.

तांगच्या बाबतीत हे पटण्यासारखे आहे, कारण ८७०च्या दशकातील दुष्काळ व उपासमारीतूनच मिठाचा चोरटा व्यापार करणाऱ्या हुआंग चाओच्या बंडाला माणसे मिळाली आणि राजधानी छांगआन त्याच्या हाती पडली. परंतु ७५५ साली तांगच्याच आन लूशान या सेनापतीने केलेल्या बंडानंतरच अनेक लष्करी सुभेदार स्वतःचे सैन्य व कर स्वतःकडे ठेवू लागले होते. ९०७ साली शेवटच्या तांग सम्राटाला पदच्युत करणारा झू वन हा, आधी हुआंग चाओचा सरदार असला, तरी तोवर असाच एक सुभेदार झालेला होता. पुढच्या ५३ वर्षांत उत्तरेत पाच राजवंश आले आणि गेले. दुष्काळ म्हणजे आकाशाने सम्राटाचा अधिकार काढून घेतल्याची खूण, ही जुनी चिनी समजूत होती. ‘हवामानाने राजवंश पाडला’ हे विधान त्याच समजुतीने चढवलेला प्रयोगशाळेचा कोट आहे.

सोंग काळाच्या सुरुवातीला मान्सून बळकट झाल्याचेही हाच स्तंभ दाखवतो, आणि भातशेतीच्या व लोकसंख्येच्या वाढीला त्याचा हातभार लागला असावा. मात्र ९६० साली सैन्यानेच गादीवर बसवलेल्या, सोंग राजवंशाचा संस्थापक झाओ क्वांगयिन याने आपल्या प्रमुख सेनापतींना इनामे व पदव्या देऊन सैन्याच्या नेतृत्वावरून दूर केले, आणि पुन्हा कुणा सेनापतीला आपल्यासारखे सम्राट होता येऊ नये, अशी व्यवस्था लावली. ही घटना ऑक्सिजनच्या कोणत्याही थरात सापडणार नाही.