रॅस माशांचा सहवास : घरगुती प्रवाळ टाकीतील

लॅब्रिडी या मत्स्यकुलातील, म्हणजे रॅस गटातील, एकाहून अधिक मासे जिवंत प्रवाळांच्या घरगुती टाकीत एकत्र पाळण्याची पद्धत. ‘दोन रॅस एका टाकीत राहतील का?’ असे विचारले की ‘टाकी किती फुटी?’ हा उलट प्रश्न ठरलेला असतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. मासा कोणत्या वंशाचा, रात्री झोपतो कुठे आणि टाकीत कितव्या क्रमाने उतरला, या तीन गोष्टींची उत्तरे हाताशी नसतील तर सहा फुटी टाकीतही मारामाऱ्या होतात. ही नोंद बडोद्याचे पाणी, हवा आणि घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

या कुलात पाचशेहून जास्त जाती आहेत. वेटमोरेला वंशातील मासे बोटाएवढे, तर हंपहेड रॅस दोन मीटरच्याही पुढे वाढतो. ‘रॅस’ हे नाव कॉर्निश भाषेतील म्हातारी किंवा चेटकीण अशा अर्थाच्या शब्दावरून आले आहे. पुढे आलेले ओठ आणि बाहेर डोकावणारे दात पाहिले की नाव ठेवणाऱ्याला फार दोष देता येत नाही. शेपटीला विश्रांती देऊन छातीच्या परांनी वल्हवत जाणे ही यांची चाल. दिवसभर क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत आणि उजेड मावळला की एकाएकी दिसेनासे होतात.

बडोद्याला समुद्र तसा जवळ आहे, पण जवळ आहे तो कामाचा नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या घरात जातो आणि पाणी बारा महिने गढूळ असते. कावी-कंबोईला भरतीत बुडणारे स्तंभेश्वराचे देऊळ पाहून येणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. प्रवाळ आहेत ते कच्छच्या आखातात, जामनगरच्या बाजूला. तेथे 1980 मध्ये सागरी अभयारण्य आणि 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तेथून खडकाचा तुकडासुद्धा उचलायचा नसतो. शिवाय समुद्रातील प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणून बडोद्यातील शहाणा छंदिष्ट मृदू प्रवाळ व कृत्रिम खडक यांवर टाकी उभी करतो आणि विकत घेतलेल्या प्रत्येक तुकड्याची पावती जपून ठेवतो.

पाणी घरीच तयार करावे लागते. नळाचे पाणी आजव्याचे असो की महीकाठच्या फ्रेंच विहिरींचे, ते आरओ आणि त्यापुढच्या डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या, गाळणीतून काढून लिटरमागे साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ घालायचे. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास आले की झाले. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा हिशेब नसतो, त्यामुळे ते चालत नाही. दांडिया बाजाराजवळ रस्त्याचे नाव खारीवाव, म्हणजे खारी विहीर, आहे म्हणून तेथील बोअरचे पाणी टाकीला चालेल, हा विनोद बडोदेकर मराठी घरांत होऊन गेलेला आहे.

झोप व वाळू : सहवासाचा आराखडा येथून सुरू करावा. झोपण्याच्या रीतीवरून टाकीतील रॅसचे दोन पंथ पडतात. हॅलिकोरीस, मॅक्रोफॅरिंगोडॉन म्हणजे लेपर्ड रॅस, अनॅम्प्सिस आणि कोरिस हे वाळूत झोपणारे. संध्याकाळी सुरी खुपसावी तसे डोके खाली करून ते वाळूत शिरतात. सिरिलॅब्रस म्हणजे फेअरी रॅस आणि पॅराकायलिनस म्हणजे फ्लॅशर रॅस खडकाच्या कपारीत झोपतात आणि स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोश विणतात. जवळच्या नात्यातील पोपटमाशांवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असा कोश रक्त शोषणाऱ्या बारीक परजीवींपासून संरक्षण देतो असे आढळले. सकाळी टाकीत या कोशाच्या चिंध्या तरंगताना दिसतात आणि नवखा मालक औषधाची बाटली शोधू लागतो. काही करायचे नसते.

वाळूवाल्यांना 5 ते 8 सेंमी. जाडीचा बारीक, चुनायुक्त अ‍ॅरागोनाइट वाळूचा थर लागतो. बडोद्यात वाळू म्हटली की ओरसंग नदीची. बांधकामाला ती उत्तम, येथे मात्र निषिद्ध. खरखरीत कणांवर वेगाने डोके खुपसताना जबडा सोलवटतो, आणि तोंड दुखावलेला रॅस खाणे सोडतो. तळ उघडा ठेवायचाच असेल तर कोपऱ्यात प्लास्टिकच्या पसरट डब्यात वाळू भरून ठेवावी. मासा आपली गादी शोधून काढतो.

नवा मासा पहिल्याच दिवशी वाळूत गडप होतो आणि चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही, वर येत नाही. घरातले लोक त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे होतात. वाळू उकरू नये. बरेचसे सागरी मासे इंडोनेशियाकडून येतात. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिकडच्या संध्याकाळी निजणारा मासा बडोद्यात दुपारी चारच्या सुमारास अंथरुणात शिरतो आणि पहाटे साडेतीनला अंधारात उठून बसतो. टाकीच्या दिव्यांची सवय होईपर्यंत त्याला दुपारी दोनच्या आत खायला द्यावे, एवढाच उपाय.

मादीचा नर : रॅसमधील बहुसंख्य जातींत मासा मादी म्हणून प्रौढ होतो आणि पुढे गरज पडली तर नर बनतो. वैद्यमासा म्हणता येईल अशा क्लीनर रॅसवरचा डी. आर. रॉबर्टसन यांचा 1972 मधील अभ्यास या बाबतीत मूलभूत मानला जातो. नराला कळपातून काढताच सर्वांत वरच्या पायरीवरची मादी दोनेक तासांत नरासारखी वागू लागते आणि 14 ते 18 दिवसांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात. म्हणजे कळपातील दादागिरी हा स्वभावदोष नव्हे. कोणी नर व्हायचे याचा तो रोजचा निकाल असतो.

टाकीसाठी याचे अर्थ सरळ आहेत. एका जातीचे दोन नर ठेवू नयेत. जोडीपेक्षा एक नर आणि दोन-तीन माद्या बऱ्या, कारण नराचा ससेमिरा वाटला जातो. सगळ्या माद्याच आणल्या तर त्यांतली मोठी काही आठवड्यांत रंग बदलू लागते, आणि हा बदल डोळ्यांदेखत पाहणे हे या छंदातील सर्वांत मोठे सुख आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उलटही घडते: फेअरी किंवा फ्लॅशर नर एकटा पडला, दाखवायला मादी नाही आणि खिजवायला प्रतिस्पर्धी नाही, तर त्याचे रंग हळूहळू फिके पडतात. त्यामुळे वेगवेगळ्या जातींचे फेअरी व फ्लॅशर नर एकत्र ठेवण्याची रीत पडली आहे. ते पर फुलवतात, एकमेकांसमोरून झपकन जातात, पण चावे क्वचितच घेतात. जाती दिसायला मात्र भिन्न हव्यात. सारख्या अंगरख्याचे दोघे समोर आले की प्रदर्शनाची मारामारी होते.

कोणासोबत कोण : चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत कडेपर्यंत साधारण 450 ली. पाणी मावते, खडक-वाळू वजा जाता 400 च्या आत-बाहेर. एवढ्यात दोन फेअरी, दोन-तीन फ्लॅशर आणि एखादा पिवळा हॅलिकोरीस क्रायसस सुखाने राहतात. लेपर्ड रॅस दिसायला सर्वांत देखणे, पण प्रवासात खचून येतात आणि खडक-वाळूवरचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपत जगतात. टाकी वर्षभर जुनी नसेल तर आणू नयेत.

खरा प्रश्न असतो सहा रेघांच्या रॅसचा, स्यूडोकायलिनस हेक्साटेनियाचा. बोटाएवढा, स्वस्त, जांभळ्या-नारिंगी रेघांचा, म्हणून पहिल्यांदा तोच घेतला जातो. मग तो वर्षभर एकटा राहून प्रत्येक कपारीचा सातबारा आपल्या नावावर करून घेतो आणि नंतर येणाऱ्या शांत रॅसला दोन दिवसांत कोपऱ्यात उभा करतो. तो हवाच असेल तर सर्वांत शेवटी आणावा. खरे तर आणूच नये.

थॅलासोमा वंशातील चंद्ररॅस लक्षद्वीपच्या भित्तींवर सर्रास दिसतो. टाकीत तो सहज 20 सेंमी. ओलांडतो आणि शोभेच्या कोळंब्या, गोगलगायी फस्त करतो. कोरिस गायमार्डचे पिल्लू भगव्या अंगावर पांढरे ठिपके घेऊन येते तेव्हा गोंडस दिसते, पण मोठेपणी 40 सेंमी.पर्यंत जाते आणि दगड उलथत हिंडते. क्लीनर रॅस इतर माशांच्या अंगावरचे परजीवी आणि चिकटा यांवर जगतो. चार-सहा गिऱ्हाइकांच्या घरगुती टाकीत त्याचे पोट भरत नाही.

उतरवण्याचा क्रम : सर्वांत भित्रा मासा आधी, सर्वांत दांडगा शेवटी. शक्यतो फेअरी-फ्लॅशर एकाच खेपेत सोडावेत, म्हणजे जागा कोणाचीच नसते. जुन्या टाकीत नवा मासा आणताना पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची भोके पाडलेली पेटी टाकीतच अडकवून त्याला त्यात चार-पाच दिवस ठेवतात. जुने रहिवासी पेटीजवळ येऊन डोळे वटारतात, पर फुलवतात आणि कंटाळतात. कंटाळले की पेटी उघडायची. एकच मासा छळत असेल तर टाकीच्या बाहेरून काचेला आरसा टेकवतात. तो प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला उसंत मिळते. सहा रेघांच्या रॅसला हा उपाय बहुधा लागू पडतो. क्लीनर रॅसच्या बाबतीत मात्र जपानी संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिले की तो आरशात पाहून आपल्या गळ्यावरचा डाग घासून काढण्याचा प्रयत्न करतो, म्हणजे समोरचा आपणच आहोत हे त्याला उमगत असावे.

मासा मुख्य टाकीत आणण्याआधी वेगळ्या टाकीत काही आठवडे त्याच्यावर निगराणी ठेवावी. तेथेही वाळूवाल्यांना वाळूचा डबा लागतो, पण तांब्याचे औषध वापरायचे असेल तर वाळू चुनायुक्त नको, कारण ती तांबे शोषून घेते आणि मात्रेचा अंदाज चुकतो. गुळगुळीत, बारीक सिलिका वाळू घ्यावी.

झाकण : रॅस मरतात ते बहुतेक जमिनीवर. दिवा अचानक बंद झाला, पाठलाग झाला, कोणी काचेवर टिचकी मारली की मासा वर उसळतो, आणि दोन बोटांची फटही त्याला पुरते. काचेच्या झाकणाने उष्णता कोंडते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत साधारण 6 मिमी. छिद्रांची पांढरी नायलॉन जाळी ताणून बसवतात. खिडक्यांना मच्छरजाळी लावणारा कारागीर ही चौकट अर्ध्या दिवसात करून देतो. माप देताना पाइपांच्या खाचांसह द्यावे, कारण मासा निसटतो तो तिथूनच. धातूची जाळी गंजते आणि पाण्यात उतरते.

खाणे दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे. गोठवलेले मायसिस, ब्राइन श्रिंप असे कोळंबीसारखे बारीक जीव, किंवा मीठ-हळद न लावलेली कोळंबी आणि तिसऱ्या अगदी बारीक चिरून. ज्या घरांत मासे शिजत नाहीत तिथे फ्रीझरमध्ये श्रीखंडाशेजारी मायसिसचे पाकीट ठेवण्यावरून होणारे वाद टाकीतल्या वादांपेक्षा लांबतात. छोटा वेगळा फ्रीझर हा त्यावरचा एकच टिकाऊ तोडगा आहे. भरल्या पोटाचे रॅस कमी भांडतात. शिवाय हॅलिकोरीससारखे मासे मधल्या वेळात प्रवाळांवरचे चपटे कृमी आणि शिंपल्यांना त्रास देणाऱ्या बारीक गोगलगायी वेचून खातात.

उष्णता व वीज : टाकीला 25 ते 27 अंश सेल्सिअस हवे आणि बडोद्याचा मे 42 च्याही वर जातो. पाण्यावर पंखा सोडून दोन-तीन अंश उतरतात, पण तेवढेच पाणी उडते आणि खारटपणा चढतो. रोज आरओचे पाणी भरावे लागते. आषाढात हवाच दमट झाली की पंख्याचा गुण जातो, तेव्हा चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. रावपुऱ्यातील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत ही लढाई सोपी, वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये अवघड. जानेवारीच्या रात्री उलट हीटर लागतो.

वीज गेली की आधी प्राणवायू कमी होतो, आणि सतत हालचाल करणाऱ्या रॅसला तो जास्त लागतो. 2019 आणि 2024 मध्ये विश्वामित्रीच्या पुरात शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले आणि तेथे वीज बंद राहिली. इन्व्हर्टरवर दिवे, चिलर काही नको. एक प्रवाहपंप तेवढा ठेवावा, आणि बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ असावा. तळमजल्यावर टाकी असेल तर इन्व्हर्टर जमिनीवर ठेवू नये.