काळ्या आयरिसला नागपूरचे ऊन नडत नाही

नागपुरात दाढीवाला आयरिस, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर केसांचा झुबका असणारे फुलझाड, लावायचा म्हटले की पहिला आक्षेप मे महिन्याचा येतो. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तेव्हा आक्षेप अगदीच वावगा नाही. पण हे झाड मूळचे भूमध्य समुद्राच्या आसपासचे, कोरड्या उन्हाळ्याचे. जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या जाड खोडात साठा करून ते तो काळ निवांत पडून राहते. संत्र्याची बाग ताणावर, म्हणजे काही काळ पाणी तोडून, सोडणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. दुपारची सावली मिळाली तर नवतपाही निभावतो.

घात करतो तो पाऊस. वर्षाचा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि खाली आपली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, हवा खेळायला जागा उरत नाही आणि खोडात जिवाणूंची मऊ कूज शिरते. घाण वास आला की समजावे, उशीर झाला. म्हणून कुंडीत मुरूम आणि जाड वाळू सढळ हाताने घालावी, खोडाची पाठ मातीबाहेर उघडी ठेवावी आणि मृग लागण्याआधी कुंडी छपराखाली घ्यावी.

आता रंग. ‘हेलो डार्कनेस’सारखी नावाजलेली वाणे काळी म्हणून विकली जातात, पण त्यांच्या पाकळीत काळे रंगद्रव्य नसतेच. जांभळे अँथोसायनिन इतके दाट असते की फारच थोडा प्रकाश परत फिरतो. बाकीच्याची उष्णता होते. म्हणून कडक उन्हात फिकट फुलाआधी गडद फूल मान टाकते.

नुसता तोटाच असता तर रानात गडद आयरिस टिकले कसे? इस्रायलमधले संशोधक युवल सपीर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याचे एक सुरेख उत्तर मांडले. तिथल्या गडद रानटी आयरिसांत मधमाश्यांना द्यायला मधुरस नसतो. पण नर मधमाश्या रात्री या फुलांच्या पाकळ्यांनी बनलेल्या बोगद्यांत मुक्कामाला येतात. सकाळी पूर्वेकडचा बोगदा कोवळ्या उन्हात आधी तापतो, आतली माशी लवकर ऊब धरून उडते आणि अंगाला लागलेले पराग पुढच्या मुक्कामी पोहोचवते. रसाऐवजी ऊब, असा हा सौदा.

म्हणजे सकाळचे ऊन या रंगाच्या कामाचे, दुपारचे घातक. आपल्याकडे पूर्वेची गॅलरी उत्तम. अकरानंतर हिरवी जाळी ओढावी.

खरी अडचण थंडीची. बऱ्याच वाणांना कळी धरायला आठवडेच्या आठवडे गारठा लागतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांवर उतरले होते, पण अशा एखाद्या रात्रीने भागत नाही. त्यातल्या त्यात वर्षात पुन्हा फुलणारी वाणे थंडीसाठी कमी अडून बसतात, तीच मागवावीत. आणि नागपुरात फुलाची हमी देणाऱ्या विक्रेत्याकडून मुळीच घेऊ नयेत.